रविवारचा अर्धा किल्ला

"दाराला कुणी हात लावू नका. स्फोट होईल."

आतून पुरुषाचा आवाज आला आणि बेलकडे नेलेला तिचा हात हवेतच राहिला. छत्रीचं पाणी चपलेत ठिबकत होतं. ताईकडे गॅस गळतोय की काय... सख्खी नसली तरी मावसबहीण आपलीच, म्हणून जीव मुठीत धरून तिने खांद्याने दार ढकललं.

आत चार माणसं टेबलाभोवती बसली होती. ताई, भाऊजी, शेजारचे निवृत्त मास्तर आणि एक उंच, चष्मेवाला तरुण. तो धडपडत उठला.

"हे दार नाही हो... किल्ल्याचं दार. म्हणजे आमच्या खेळातलं."

"मग मी मेले नाही ना?"

"नाही. पण भिजलात बऱ्याच," तो म्हणाला आणि तिच्या हातातली छत्री घेतली. ती ठेवायची कुठे हे काही त्याला सुचेना. बराच वेळ तो ती धरूनच उभा राहिला, आणि तिला उगाचच हसू फुटलं.

तो सूत्रधार होता. खेळ असा, की सूत्रधार प्रसंग सांगणार, बाकीच्यांनी आपण काय करतो ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवणार. भाऊजी योद्धा होते, ताई राजकन्या आणि आयुष्यभर सचोटीने शिकवलेले मास्तर हौसेने चोर. एक वैदू कमी पडत होता. ती फिजिओथेरपिस्ट निघाल्यावर तिला कुणी विचारलंसुद्धा नाही, सरळ खुर्चीत बसवलं.

आता, फिजिओथेरपिस्टला बोलावंच लागतं. माणसाची जीभ मोकळी झाल्याशिवाय खांदा मोकळा होत नाही, हा तिचा अनुभव. ती आता दर रविवारी खेळायला येऊ लागली, पण ती सवय तिथेही सुटेना. गुहेच्या तोंडाशी पोचलं की तिला मास्तरांची पाठ आठवायची, तलवारी उपसल्या की ताईच्या सासूबाईंची ख्यालीखुशाली. भाऊजींनी तिचं नाव रेडिओ ठेवलं. सूत्रधार मात्र गालावर हात ठेवून ऐकत बसायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवस सगळा अंधाऱ्या, उभ्या बोळात एकट्याने जायचा.

"समोरून लंगडत एक राक्षस येतोय," तो सांगायचा. "वैदूबाई, काय करता?"

"लंगडतोय का पण? गुडघा सुजलाय?"

तो वहीत काहीतरी खोडायचा. "...सुजलाय."

"मग आधी बसवा त्याला."

"राक्षस बसला," तो अगदी गंभीरपणे म्हणायचा. डोळे मात्र चष्म्याआडून हसत असायचे. त्या डोळ्यांसाठी ती सोमवारपासूनच रविवारची वाट बघू लागली होती.

एका रविवारी मात्र भाऊजींचा संयम सुटला. "आपण इथे खेळायला जमतो की चकाट्या पिटायला? किल्ल्याच्या पायथ्याशी आमची हयात गेली. हा बिचारा आठवडाभर किल्ला रचत खपतो. अशाने एक दिवस गाशा गुंडाळेल तो."

तिने सूत्रधाराकडे पाहिलं. तो मान खाली घालून फासे गोळा करत राहिला... एक शब्द बोलला नाही. म्हणजे भाऊजींचं खरंच होतं तर. खेळ बंद झाला तर त्याला भेटायला दुसरं निमित्त कुठलं? आपल्याच जिभेने आपण आपला रविवार घालवणार होतो.

पुढच्या खेपेला ती तोंडाला कुलूप लावून आली. मास्तर पाठ चोळत होते, तरी नाही विचारलं. ताईने सासूबाईंचा विषय काढला, तिने नुसती मान हलवली. "औषध देते." "जखम बांधते." "पुढे चला." भाऊजींना तर स्वर्ग दोन बोटं उरला. खंदक ओलांडला, पहारेकरी चकवले, तळघर सर झालं. सूत्रधाराचा आवाज मात्र उतरत चालला होता. तो पुन्हा पुन्हा तिच्याकडे बघायचा, काहीतरी विचारायला ओठ उघडायचा आणि पुन्हा मिटायचा.

चहा व्हायच्या आत सगळे किल्ल्याच्या जिन्याशी पोचले.

"वर चढतो," भाऊजी म्हणाले. "काय दिसतं?"

सूत्रधार फासे चाळवत राहिला.

"अरे, वर काय आहे?"

"वर... काही नाही. मी एवढाच रचलाय. मी नेहमी अर्धाच रचून आणतो."

"अर्धा? का?"

त्याचे कान लाल झाले. "उरलेला वेळ या बोलतात. तो... मी मोकळा ठेवतो."

बाहेर पाऊस पडत होता. मास्तर खोकले. ताईने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा सूत्रधाराकडे, आणि उठली. "चला, मास्तर. आमच्या कुंड्या दाखवते तुम्हाला. अहो, तुम्हीपण."

"पावसात?" भाऊजी म्हणाले. पण ताईचा चेहरा बघून तेही मुकाट्याने बाल्कनीत गेले. दार लागलं.

"मला वाटलं, माझ्या बडबडीमुळे तुम्ही खेळ बंद करणार," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"काय बोलणार होतो? यांच्या गप्पा ऐकायला मी खेळ मांडतो, असं सगळ्यांसमोर?" त्याने चष्मा काढून उगाच पुसला. "आज तुम्ही गप्प बसलात आणि जीव घाबरा झाला माझा. वाटलं, कंटाळल्या. आता येणार नाहीत."

"कंटाळले नाही हो... खेळ बंद पडला असता तर तुम्ही मला कुठे भेटला असतात?"

त्याने घाईघाईत चष्मा उलटाच चढवला.

"तुम्ही आवडता मला," ती म्हणाली. "राक्षसाला बसवलंत ना, तेव्हापासून."

"मला तर त्याच्याही आधीपासून," तो म्हणाला आणि टेबलावरून हात पुढे केला. बोटांना ग्रीसचा वास होता, तळवा गरम होता. तिने तो दोन्ही हातांत धरला... कुठे दुखतंय हे न विचारता.

बाल्कनीच्या काचेवर टकटक झाली. "आम्ही भिजून चिंब झालोय," भाऊजींचा आवाज. "तुमचं आटपलं का?"

"नाही," तिने हात न सोडता उत्तर दिलं. "आत्ता कुठे बोलायला लागलोय. अजून जरा भिजा."