एस्तेरबाईंची रिकामी खोली

एस्तेरबाईंचं पाणी भरून ठेवायचं, एवढंच काम होतं. गेल्या वर्षीचा, अठ्ठ्याण्णव सालचा एप्रिल. कामोठ्यातली आमची बिल्डिंग तेव्हा नवीकोरी, सोळा फ्लॅट आणि माणसं राहायची चारांत. बाकीच्या खिडक्यांच्या काचांवर चुन्याच्या फुल्या तशाच. नळाला पाणी दुपारी एक ते दोन. एस्तेरबाई आमच्या घराच्या नेमक्या वर राहायच्या, एकट्याच. नगरकडच्या ख्रिस्ती, मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. त्या दिवशी त्यांचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता आणि बारा ते तीन पनवेलला चर्चमध्ये उपासना. किल्ली देताना म्हणाल्या, पिंप भर आणि कडी लावून घे, आतली खोली पुसू नको.

आतल्या खोलीत पुसण्यासारखं काही नव्हतंच. ना खाट, ना खुर्ची, ना त्यांच्या येशूची तसबीर. भिंतीला खिळासुद्धा नाही. रोज पहाटे त्या तिथं जमिनीवर डोळे मिटून बसायच्या. मी एकदा विचारलं होतं, बाई, तुमचा देव कुठं ठेवलाय? तर हसल्या. म्हणाल्या, एका जागी ठेवता आला तर तो देव कसला. मला वाटलं, एकट्या बाईला सुचतं काहीबाही.

खरं तर माझं लक्ष तेव्हा कशातच नव्हतं. माझी श्रुती आठ महिन्यांची. वीस दिवस झाले होते, पोर अंगावर धड पीत नव्हती. तोंड लावायची आणि कोणीतरी ओढून घेतल्यासारखी बाजूला व्हायची, मग बारीक आवाजात रडत राहायची. डॉक्टरांनी तीनदा औषध बदललं. सोमवारपर्यंत प्यायली नाही तर ॲडमिट करून नाकातून नळी घालू, म्हणाले. घरी मी दृष्ट काढत होते. मिरच्या तव्यावर जळून काळ्या व्हायच्या, पण ठसका कोणालाच लागायचा नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट किती जबर, ते बायकांना सांगायला नको. कामोठे गावातली कमळी मासळी घेऊन यायची, ती पोरीकडं बघून टोपली खाली ठेवायलाच विसरली.

"बाय, हिच्या मागं कायतरी लागलंय. आमच्या भगताला दाखव, नायतर पोर हातची जाईल."

सासूबाईंचंही तेच म्हणणं, आधी भगत. आमचे हे, नंदकुमार, म्हणायचे आधी हॉस्पिटल. मी दोघांना हो म्हणायचे आणि रात्रभर पोरीच्या नाकाशी बोट धरून बसायचे.

तर श्रुतीला घेऊनच मी वर गेले. स्वयंपाकघरात पाइपचं पाणी सांडलेलं, बाहेरच्या खोलीत उन्हाची झळ. आतली खोली गार होती. गोधडी दुहेरी करून तिला तिथं निजवलं आणि नळ सोडला. पिंपात पाणी पडतंय, आत पोर रडतेय, हे दोन्ही ऐकत मी भांडी विसळत होते. पिंप भरत आलं की त्याचा आवाज बारीक होतो. तो बारीक झाला तेव्हा कळलं की दुसरा आवाज थांबलाय.

मी दारापाशी गेले.

खिडकी उघडी होती. गजांवर लख्ख ऊन पडलेलं मला दिसत होतं. पण ते गजांवरच थांबलं होतं, आत येत नव्हतं. आत अंधार होता. रात्रीचा नाही, धुराचा नाही, नुसता भरून राहिलेला. आणि वास कसला, तर नुकत्या जन्मलेल्या पोराच्या टाळूचा. एवढ्याशा टाळूचा वास खोलीभर.

पदराच्या गाठीत मीठ-मोहरी असायचीच. ती सोडून मी मूठभर आत फेकली. लादीवर मोहरीचा आवाज होतो. झाला नाही.

गुडघ्यांवर रांगत मी आत शिरले. दहा फुटांची खोली. हातानं लाद्या मोजत चालले… दहा, वीस, चाळीस. भिंत लागेना. पुढं मोजायचं सोडलं. मग आवाज आला. थोपटण्याचा. सपाट हातानं, अगदी सावकाश.

त्या आवाजामागं गेले आणि गोधडी लागली. उजव्या हाताला श्रुती लागली, गरम, पाय हलवणारी. डाव्या हाताला आणखी एक लागलं.

तिच्याएवढंच. रिकाम्या हंड्यासारखं गार. हात ठेवला तर आत जात होता, कारण तिथं मांस नव्हतं, वजन नव्हतं. तोंड तेवढं होतं, उघडमीट करणारं. मी ओळखलं. वीस दिवस माझ्या पोरीच्या मागं लागलेलं ते हेच. मला वाटायचं, असल्याला नखं असतील, दात असतील, राग असेल. त्याच्याकडं काहीच नव्हतं. स्वतःचं असं काहीच नाही, म्हणून तिचं ओढत होतं.

आणि थोपटणं दोघांना चाललं होतं. एकदा हिला, एकदा त्याला. दोन्हीकडं सारखंच, तसूभर फरक नाही. कोणाचा हात म्हणून मी चाचपलं. हात नव्हता. मग एक थाप माझ्या पाठीवर पडली.

पुढचं मला नीट सांगता यायचं नाही. काही वेळ मी नव्हतेच. कोण थोपटतंय, कोण निजलंय, भूक कोणाची, सगळं एकच झालं होतं. भीती होती, पण ती कोणाची ते कळत नव्हतं. असं वाटलं की सगळ्या जगाचं आत-बाहेर संपलंय, आणि जे उरलंय ते एवढं मोठं आहे की त्याला नाव द्यायला तोंड लहान पडेल.

मग श्रुती हुंकारली आणि मी परत आई झाले. तिला उचललं. त्यासरशी त्या तोंडानं माझं बोट धरलं. चावलं नाही. लेकरू चोखतं तसं चोखलं. मी बोट ओढून घेतलं आणि उजेडाकडं पळाले.

जिन्यात बसले. पाणी वाहून पायऱ्यांवर आलं होतं. तिथंच श्रुती पदराला झोंबली आणि पोटभर प्यायली, वीस दिवसांत पहिल्यांदा.

साडेतीनला एस्तेरबाई आल्या. मी सगळं सांगितलं. त्या भिजलेल्या पायरीवर माझ्याशेजारी बसल्या, पांढऱ्या साडीनिशी.

"बाई… तो तुमचा देव होता, की दुसरा?"

"दुसरा असा कोणी नाही, मीना," त्या म्हणाल्या. "वाईटाला स्वतःचं काही नसतं. नुसती पोकळी असते. पण ती पोकळीसुद्धा देवाच्या बाहेर जाऊ शकत नाही. बाहेर अशी जागाच नाही गं."

"मग तो त्या पोकळीला मारून का टाकत नाही?"

त्यांनी सांगितलं की चौदा वर्षं त्या अशा पहाटे बसतायत, हेच विचारतायत. अंधार त्यांना ठाऊक होता. थोपटणं मात्र एकदाही ऐकलं नव्हतं.

"कसं होतं ते… मला करून दाखव."

मी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. याहूनही हळू होतं, म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हातारी बाई लहान मुलीसारखी रडली. नंतर उठून आतल्या खोलीत डोकावून आल्या.

"त्या दुसऱ्या लेकराला आतच ठेवून आलीस ना तू?"

मी मान डोलावली.

"आत नाही ते."

सोमवारी ॲडमिट करावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. सगळ्यांनी आपापल्या देवाला नारळ फोडला. श्रुती आता दीड वर्षाची आहे, गुटगुटीत, दुडुदुडु पळते. अजून अंगावर पिते.

मूल एका बाजूला पीत असलं की दुसरीकडचं दूध आपोआप झरतं, पोलकं भिजतं. हे कुठल्याही आईला विचारा. माझं पोलकं भिजत नाही. कोरडंच राहतं, आणि ती बाजू हळूहळू हलकी होत जाते. पहिले काही दिवस मी ओठ चावून, डोळे घट्ट मिटून बसायचे. यांना सांगितलं नाही. सांगून काय सांगणार?

आता श्रुतीला आमच्या घरातल्या आतल्या खोलीत निजवलं की मी बाहेर येऊन परत बसते. मांडी मोकळीच असते, पण लेकरू घेतल्यासारखा हात वाकवून धरते आणि दुसऱ्या हातानं थोपटते, जमेल तेवढं सावकाश. हाताला काही लागत नाही. मात्र मधेच थांबले, तर आतल्या खोलीत गाढ झोपलेली श्रुती दचकते.