जंगलात शिरणारी वाट

मी गवत ओढायचं दाताळं त्याच्या पाठीवर रोखलं आणि ओरडले, "कागद खाली ठेव!"

वाळुंजाच्या झाडाखाली बसलेला तो तरुण जागचा हलला नाही. "ठेवतो... चित्रातलं गिरणीचं छप्पर तेवढं पुरं करू दे."

"हेर आहेस ना?"

"मी देमांज. नान्सी शहरात तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरतो, छापतो." त्यानं मान वळवली. अंगठा शाईनं काळा, डोळे मात्र हसरे. "आणि इतकं छान ओरडणारी तू कोण?"

"इदात. त्याच गिरणीच्या मालकाची मुलगी."

मी चित्रात डोकावले. आमची गिरणी, ओढा, शेळ्या... आणि जंगलात शिरणारी पायवाट! शत्रूच्या घोडेस्वारांनी शेजारचं गाव जाळलं, तेव्हापासून आमची म्हातारी माणसं अन् लेकरं त्याच वाटेनं आत जाऊन लपली होती.

"ही वाट पूस. छापलंस तर कुणीही बघेल."

"वाटेशिवाय चित्र मरेल गं."

"आणि वाटेमुळे माणसं मरतील."

तेवढ्यात ओढ्यावरच्या पुलावर टापा वाजल्या... त्यानं माझा हात धरला आणि आम्ही लव्हाळ्यात घुसलो. माझी शेळीही मागोमाग आली. गुडघाभर पाणी, गारठलेलं. एक स्वार इतका जवळ थांबला, की त्याच्या घोड्याच्या घामाचा वास आला. शेळीनं ओरडायला तोंड उघडलं—

देमांजनं चित्र चुरगाळून तिच्या तोंडात कोंबलं.

ती चघळत राहिली. मी त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं. त्याचं काळीज माझ्याहून जोरात धडधडत होतं. कितीतरी वेळानं घोडे ओढ्याच्या वरच्या अंगाला निघून गेले.

"सकाळपासूनची मेहनत तुझी..." मी पुटपुटले.

"तिला आवडली की! तू तर नावंच ठेवलीस."

मला हसू आलं, रडूही. "आता रिकाम्या हातानं परत जाशील?"

"जाऊ?"

"नको..." शब्द निसटला, आणि स्वारांपेक्षा मला त्या शब्दाचीच भीती वाटली.

"इदात, मी भित्रा आहे. मला तलवार धरता येत नाही," तो म्हणाला. "पण लपायचंच असेल, तर तुझ्याजवळ लपेन."

मी त्याचा हात सोडला नाही. झाडोऱ्याच्या आडोशानं आम्ही जंगलाकडे निघालो.

"आत लपलेल्या माझ्या आजीला काय सांगू? कोण म्हणून आणलं?"

लांब कुठेतरी अजून टापा वाजत होत्या. तो क्षणभर ऐकत राहिला... मग हलकेच म्हणाला, "राहायला आलेला म्हणून सांग."