आतून लावलेली कडी

ती निघाली होती ती फक्त चष्मा आणायला. आदल्या दिवशी साधनागृहातून फोन आला होता. तळघराची साफसफाई करताना एक जाड काचांचा चष्मा सापडलाय, डबीवर तुमच्या यजमानांचं नाव आहे, कुणीतरी येऊन घेऊन जा. नवरा म्हणाला, "राहू दे गं. मला काय करायचाय तो आता?" पण आपली वस्तू परक्याच्या कपाटात पडून आहे, हे तिच्या जिवाला पटेना. इस्पितळाच्या कपडेखोलीत बसून बावीस वर्षं ती फाटक्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवत आली होती. टाकून द्यायचं चिरगुटसुद्धा ती आधी उलटसुलट करून बघायची. सोमवारी तिची सुट्टी असे. जेवणं आटोपून, लेकीला "जडबीड काही उचलू नकोस" असं बजावून ती भर दुपारच्या बसमध्ये बसली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उभा जन्म विहिरीसारख्या त्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळत, खालच्या माणसाला ओरडून सांगण्यात गेलेला. त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी ते दोन मजल्यांना कळायचं. राग नाकाच्या शेंड्यावर. लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न ठरवलं तेव्हा त्यानं तिची बॅग जिन्यावरून भिरकावली होती. बॅग उघडली आणि पोरीचे कपडे तीन मजले विखुरले. ते गोळा करत करत लेक खाली उतरली ती चार वर्षं वर आली नाही.

मग गेल्या पावसाळ्याच्या सुमारास त्याच्या जोडीचा मेकॅनिक त्याच्या डोळ्यांदेखत अकराव्या मजल्यावरून खाली गेला. त्यानंतर नवऱ्याची झोप उडाली. पहाटे पहाटे उठून बसायचा. "बारके," एकदा तो तिला म्हणाला, लग्नापासून तो तिला बारकेच म्हणायचा, "मी पडलो असतो तर कोण पडलं असतं गं? मी म्हणजे नक्की कोण, हेच मला माहीत नाही." कुणीतरी साधनागृहाचं नाव सुचवलं. दहा दिवस अंधाऱ्या खोलीत एकट्यानं बसायचं आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. तो गेला.

दहा दिवसांनी परत आला तो माणूस हळू बोलत होता. पहिल्याच संध्याकाळी त्यानं लेकीला फोन लावला आणि लहान मुलासारखी माफी मागितली. आता लेक सातव्या महिन्याची, बाळंतपणासाठी घरी आलेली. हा तिच्या सुजलेल्या पायांना स्वतःच्या हातानं तेल लावायचा. शेजारीण म्हणायची, "आमच्या यांनाही पाठवून द्या हो तिकडे, नाहीतर तुमचे तरी महिनाभर उसने द्या!" सगळे हसायचे. तीही हसायची.

फक्त काही गोष्टी होत्या. तो घोरायचा थांबला होता. तिसाव्या वर्षापासून डोळ्यांवर असलेला चष्मा त्याला आता लागतच नव्हता. दिवे गेले तरी तो पेपर वाचत बसलेला असायचा. आणि त्या दिवसापासून त्यानं तिला एकदाही बारके म्हटलं नव्हतं. सुख बोचतंय मला, दुसरं काय, असं ती स्वतःलाच रागे भरायची.

साधनागृह एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागे होतं. बसक्या बांध्याची पांढरी इमारत. कार्यालयाला कुलूप. व्हरांड्यात एक म्हातारा झाडूवाला भिंतीला टेकून बसला होता. पायात कापडी सपाता, त्यामुळे तो उठून जवळ आला तरी आवाज झाला नाही.

"चष्म्याचं ना? खालीच आहे कपाटात. या."

"मी थांबते इथं, काका. तुम्हीच आणा."

"मला कुठं वाचता येतंय डबीवरचं नाव? सात चष्मे आहेत."

तो पुढे आणि ती मागे, अशा पायऱ्या उतरल्या. बाहेर टळटळीत ऊन होतं, पण सहा-सात पायऱ्यांनंतर ते मागेच राहिलं. खाली एक लांबलचक बोळ, छताला एकच मिणमिणता दिवा. दोन्ही बाजूंना लाकडी दारं, त्यांवर खडूनं लिहिलेले आकडे. ओल्या चुन्याचा वास येत होता. त्या वासाखाली आणखी एक वास होता, तिच्या चांगल्या ओळखीचा. माणूस फार दिवस एकाच चादरीवर पडून राहिला की त्या चादरीला येतो तो.

कपाटाशी उभी राहून ती चष्मे चाळत होती. नवऱ्याचा लगेच सापडला. डाव्या काडीला तिनंच दोरा गुंडाळून दिला होता. तो पर्समध्ये टाकून ती वळली, आणि तेवढ्यात कुणीतरी खाकरलं. आधी दोनदा कोरडं, मग एकदा घशातून ओढून. बत्तीस वर्षं रोज सकाळी तिनं ते खाकरणं ऐकलं होतं.

ती नऊ नंबरच्या दारापाशी गेली. म्हाताऱ्यानं अडवलं नाही.

"कोण आहे?" आतून आवाज आला. "कोण उभं आहे तिथं? ...बारके?"

ती दाराच्या आणखी जवळ सरकली.

"अगं बोल की! तुझ्या चपला ओळखतो मी. तू कशाला आलीस इथं? दहा दिवस राहतो म्हणून सांगितलं ना? आत्ता कुठं तासभर झालाय बसून."

"अहो..." एवढंच ती म्हणाली.

"माझा चष्मा कुठं गेला काय की. इथंच ठेवला होता मांडीजवळ. आणि कसला हा अंधार! आमची लिफ्टची पोकळी परवडली. तिथं निदान वर बघायला काहीतरी असतं." मग आवाज उतरला. "बारके, मला इथं बरं वाटत नाहीये गं. कडी सापडत नाही. केव्हाचा भिंतीवरून हात फिरवतोय."

तिनं मागे वळून पाहिलं. म्हातारा झाडूच्या काड्या सारख्या करत होता.

"काका... आत कोण आहे?"

"दहा दिवस बसलं की माणूस जे नाही ते इथं टाकून जातं, असं इथले गुरुजी सांगतात. खरा माणूस तेवढा घरी जातो."

"पण घरी गेलेला खरा कशावरून?"

"मी झाडू मारतो, बाई," म्हातारा म्हणाला. "मला ते कुठलं कळायला?"

"हे दार उघडा."

"कडी आतून आहे. पण घरच्या माणसानं बाहेरून नुसतं 'या' म्हटलं तरी निघते. दोनदा बघितलंय मी. तुम्ही म्हणा, तो येईल बाहेर." त्यानं झाडू जमिनीवर एकदा आपटला. "मात्र मग घरी जो आहे तो राहत नाही. त्या दोन्ही खेपेला नाही राहिला."

तिनं दारावर हात ठेवला. लाकूड उबदार होतं, माणसाची पाठ असावी तसं. पलीकडून त्याच जागी त्याचाही हात टेकला असणार, असं तिला आत कुठंतरी कळलं. त्याचा रुंद, ग्रीसनं नखं काळी झालेला हात. त्याच हातानं त्यानं तिच्या बापाला शेवटी खांदा दिला होता, आणि त्याच हातानं एकदा ताट भिंतीवर फोडलं होतं. तिला रडू फुटलं.

"रडतेस कशाला?" आतून तो खेकसला, आणि त्या खेकसण्यात इतकी माया होती की ती दार धरूनच राहिली. घरातल्या त्या गोड माणसानं सहा महिन्यांत तिला एकदाही असं विचारलं नव्हतं. 'या' एवढं म्हणायचं होतं. एक अक्षर. ते तिच्या जिभेवर आलंही होतं.

"अहो, एक विचारू?" ती म्हणाली. "लेक घरी आली तर?"

आतून भिंतीवर हात आपटल्याचा आवाज आला.

"कुठली लेक?" तो म्हणाला. "मला लेक नाही. उंबऱ्यात पाय ठेवू दे तिला, तंगडं मोडून हातात देतो. तिचं आणि जे काही पोटात असेल त्याचंही."

तिचा हात दारावरून आपोआप खाली आला. घरी लेक डाव्या कुशीवर झोपली असेल, पायाशी तेलाची वाटी घेऊन तो बसला असेल, आणि ती झोपेत हसत असेल. चार वर्षं तिनं लेकीचा आवाज चोरून, इस्पितळाच्या फोनवर ऐकला होता. हा माणूस वाईट नव्हता. तिचा होता. पण त्याच्यासाठी दार उघडलं तर उद्या जिन्यावरून काय पडेल, ते तिला स्वच्छ दिसलं.

मग ती बोलली. स्वतःच्या आवाजाचंच तिला नवल वाटलं. किती शांत, किती गोड.

"बसा तुम्ही. अजून वेळ आहे."

"अजून आहे?" आतला आवाज लहान झाला होता.

"हो. तासच तर झालाय. बसा."

"...तू म्हणतेस तर बसतो. पण लवकर ये गं, बारके. मला इथं..."

पुढचं तिनं ऐकलं नाही. ती भराभरा पायऱ्या चढली. आपण कोण आहोत ते आज आपल्याला कळलं, असं एक वाक्य तिच्या डोक्यात आलं आणि जाईना. हे कळायला तिला दहा दिवस बसावं लागलं नव्हतं. एका दारापुढे पाच मिनिटं पुरली होती.

फाटकापर्यंत म्हातारा सोबत आला. "आज लगेच निघालात," तो सहज म्हणाला. "मागच्या खेपेला चांगले दहा दिवस राहिला होतात."

"मी? मी आजच पहिल्यांदा आले, काका."

त्यानं वाद घातला नाही. "असेल," म्हणाला आणि फाटक लावून घेतलं.

बसमध्ये तिला हसू आलं. म्हाताऱ्याची नजर गेलेली, दुसरं काय. मागच्या महिन्यात दहा दिवस ती घरी नव्हती हे खरं, पण ती बहिणीकडे गेली होती. ती आठवू लागली. बहिणीनं काय रांधलं होतं? रात्री गप्पा कशाच्या झाल्या? भाचा होता का घरी? काही केल्या आठवेना. त्या दहा दिवसांचं तिच्यापाशी एवढंच होतं, की परत आली तेव्हा मन फार शांत झालं होतं, आणि लेक म्हणाली होती, "आई, मावशीनं काय जादू केली गं तुझ्यावर?"

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. लेक आतल्या खोलीत फोनवर खिदळत होती. नवऱ्यानं दार उघडलं, चष्मा घेतला, न बघताच खिडकीत ठेवून दिला. तिला पाणी आणून दिलं आणि शेजारी येऊन बसला.

"नऊ नंबरशी बोललीस?" त्यानं हळूच विचारलं.

पेला तिच्या हातातच राहिला. तिनं मान हलवली.

"बसा म्हणालीस?"

"...हो."

"बरं केलंस." तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आत लेक पुन्हा हसली. मग त्यानं आवाज आणखी खाली आणला. "समोरच्या दाराला नाही ना कान लावलास? दहा नंबरला?"

"नाही. का?"

"काही नाही. पाणी पी." तो मायेनं हसला. "ती बाई सारखी एकच विचारत बसते. लेकीला कितवा महिना लागला म्हणून."