मागच्या वर्षीचा चेंडू आणि यंदाचा पंप

तटाला साधा ओरखडाही नव्हता. दरवाजा बंद होता. तरी शाल्मलीच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा झेंडा चिखलात आडवा पडला होता!

"भीमक्या, खरं सांग, काय केलंस?" ती रडवेली झाली.

भीमक्या हा सोसायटीचा यंत्रमानव. किल्ल्यांच्या स्पर्धेत शत्रू तोच व्हायचा. दिवेलागणीपर्यंत ज्याचा झेंडा उभा राहील, त्याला पहिला आकाशकंदील लावायचा मान! गेल्या वर्षी भीमक्याने चेंडू फेकून शाल्मलीचा तट पाडला होता. म्हणून यंदा तिने सगळी माती तटातच ओतली. आज नुसती रंगीत तालीम होती, स्पर्धा उद्या. नशीब!

"मी हातसुद्धा लावला नाही," भीमक्या म्हणाला. "किल्ल्यावरच्या हळिवाला पाणी देणारा तुझा पंप नेटला जोडलाय. पासवर्ड तुझंच नाव. मी पंप बंदच होऊ दिला नाही. आतून माती खचली."

बाजूला उभी असलेली वृंदाआत्या खो खो हसली. ती संरक्षण नियोजनात (देशापुढचे धोके ओळखून तयारी ठरवण्याच्या कामात) शास्त्रज्ञ होती.

"अगं, मोठमोठे देशही असेच फसतात. मागच्या लढाईची जय्यत तयारी, आणि संकट येतं भलत्याच वाटेने!"

"मग तट काढून टाकू?"

"छे! चेंडू पुन्हा येतीलच की. पण माती आहे तेवढीच. म्हणून देश आधी धोक्यांचा आढावा घेतात (काय जपायचं आणि त्यावर कुठून काय येऊ शकतं, हे तपासतात). मग तयारीची वाटणी नव्याने करतात. आणि धोके बदलत राहतात, म्हणून आढावाही पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो."

शाल्मली कामाला लागली. तटाची थोडी माती काढून तिने बालेकिल्ल्याचा पाया भरला. पंप नेटवरून काढला आणि झारी घेतली. शेजारच्या किल्ल्याच्या झुबेरशी ठरलं, की धोका ज्याला आधी दिसेल त्याने दुसऱ्याला हाक मारायची.

"झालात की मित्रदेश!" आत्या म्हणाली. "आणि ही पाटीभर माती बाजूला ठेव."

"ती कशासाठी?"

"जे आपल्याला सुचलंच नाही, त्यासाठी."

दुसऱ्या दिवशी चेंडू तटावर आपटून परत गेले. पंपाने भीमक्याला दाद दिली नाही. शाल्मली आनंदाने नाचायला लागली, तोच झुबेर ओरडला, "शाल्मली, बोका!"

सोसायटीचा गलेलठ्ठ बोका थेट बालेकिल्ल्यावर! बुरूज खचला, झेंडा कलला. शाल्मलीने धावत जाऊन पाटीतली माती भराभर बुरुजाला थापली. झेंडा वाकडा झाला, पण पडला नाही.

"हा माझ्या सैन्यातला नाही हं!" भीमक्या घाईघाईने म्हणाला.

दिवेलागण झाली तेव्हा झुबेरचाही झेंडा उभाच होता. दोघांनी मिळून कंदील लावला. काय छान वाटलं शाल्मलीला!

"आत्या, पुढच्या वर्षी काय येईल गं?"

"मला तरी काय ठाऊक!"

शाल्मली हसली. कंदिलाच्या उजेडात तिने रिकामी पाटी पुन्हा मातीने भरून ठेवली.