तीन पायऱ्यांचा उतार

"आत्याला सगळं येतं! आई काय, नुसतं वहीतलं शिकवते!"

मागच्या अंगणातल्या शेडमधून लेकीचा आवाज आला आणि खिडकीशी भांडी पुसत उभ्या असलेल्या आईचे हात जागीच थांबले. अकरा वर्षांची भिंगरी... एका जागी बसणं ठाऊकच नाही म्हणून घरात सगळे तिला याच नावाने हाका मारत... आपण काय बोलून गेलो हे त्या पोरीला कळलंही नव्हतं. पण आईच्या काळजाला मात्र चटका बसला!

नुसतं वहीतलं? याच पोरीसाठी तिने प्रयोगशाळेतली बारा वर्षांची नोकरी सोडली होती. वर्गात सारखं "का?" विचारते म्हणून शाळेतले शिक्षक तिला कोपऱ्यात उभं करायचे, बोलकी पोर मुकी होत चालली होती, तेव्हा साऱ्या नातलगांचे टोमणे गिळून तिने लेकीला घरीच शिकवायला घेतलं. नियमही तिचाच... मोठ्यांनी उत्तर द्यायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचा. महिन्याला एक खरंखुरं काम भिंगरीने अंगावर घ्यायचं आणि मोठ्यांनी तिच्या हाताखाली राबायचं. कल्पना आईची, कष्ट आईचे... आणि कौतुक कुणाचं? वन्संचं!

नणंद सुतारकाम करायची. लग्न केलं नव्हतं, शेड हाच तिचा संसार. तिने रंधा चालवायला घेतला की भिंगरी तहानभूक विसरून बघत बसायची, आणि ते आईला बघवत नसे. 'अगं, घरच्याच माणसाचा कसला हेवा करतेस? जनाची नाही तर मनाची तरी...' असं स्वतःला दटावून ती खिडकीपासून दूर व्हायची, आणि दोन मिनिटांत पुन्हा तिथेच येऊन उभी राहायची!

या महिन्याचं काम आजोबांसाठी होतं. पाय गेल्यापासून ते चाकांच्या खुर्चीत होते आणि दाराच्या तीन पायऱ्यांपायी चार महिने घराबाहेर पडले नव्हते. भिंगरीने फळ्यांचा उतार करायचं ठरवलं. "मला नको तमाशा," म्हणून आजोबा अडून बसले, तर तिने त्यांनाच कामाचे तपासनीस म्हणून नेमलं! म्हातारा गालातल्या गालात हसला.

त्या संध्याकाळी आईने तिची वही उघडली. एक इंच उंचीला एक फूट लांबी... बरोबर. उंची सहा इंच, म्हणून उतार सहा फुटांचा... अरे देवा! पोरीने एकच पायरी मोजली होती. तीन पायऱ्यांची उंची अठरा इंच. उतार अठरा फुटांचा हवा!

"पायऱ्या किती आहेत गं?" एवढा एकच प्रश्न पुरला असता. तो ओठांवर आलाही... पण मनातली ती जळजळ उफाळून वर आली. 'विचार की तुझ्या आत्याला! सगळं येतं ना तिला? खुर्ची अर्ध्यावर अडेल, मग कळेल.' तिने वही मिटली.

रविवारी सकाळी उतार दाराला लागला. भिंगरीने हुकूम सोडला, "आजोबा बसतील, आई ढकलेल."

"थांब, आधी मी बसते," म्हणत नणंदेने रिकामी खुर्ची पायऱ्यांखाली उतरवली आणि स्वतः तीत बसली.

आईने जोर लावला. खुर्ची अर्ध्यावर चढली... आणि अडली नाही, पुढची चाकं उचलली गेली! आईचे पाय घसरले, खुर्ची मागे उलटली आणि नणंद उजव्या हातावर आपटली. भिंगरी किंचाळली.

मनगट मोडलं होतं. सुतारणीचं उजवं मनगट!

नणंदेच्या हाताला प्लास्टर घालून सगळे घरी आले. भिंगरी वही छातीशी धरून हुंदके देत होती, "माझं चुकलं, माझ्यामुळे झालं..."

ते आईला ऐकवेना. "नाही गं बाळा! मला दिसली होती तुझी चूक. मी मुद्दाम गप्प बसले... तू आत्याचं गुणगान करतेस म्हणून मी जळत होते!"

भिंगरी दोन पावलं मागे सरकली. "तुला दिसलं होतं? आणि तू... आत्याला पडू दिलंस?"

"मलाही दिसलं होतं," पलंगावरून नणंद शांतपणे म्हणाली. "फळी कापतानाच. पण ही घरातली शाळा वहिनींची. प्रश्न त्या विचारतील, आपण कशाला मध्ये पडायचं, म्हणून थांबले. तुझ्या आजोबांना काही होऊ नये म्हणून आधी मी बसले, एवढंच."

भिंगरी डोळे पुसून चिडून म्हणाली, "दोघींना माहीत होतं! यापुढे कुणाला लागणार असेल तर नियमबियम काही नाही, सरळ ओरडून सांगायचं!" आणि ती आजोबांना हे सांगायला पाय आपटत निघून गेली.

आईने नणंदेच्या पायांशी बसकण मारली. "वन्सं, तुमच्या पोटापाण्याचा हात मोडला मी..."

"वहिनी, जळणाऱ्या तुम्ही एकट्याच नाही हो," नणंद प्लास्टरकडे बघत म्हणाली. "दिवसभर ती माझ्याकडे असते. पण काही नवीन जमलं रे जमलं, की हातातलं टाकून तुमच्याकडे पळते, 'आईला दाखवते' म्हणून. दर वेळी शेडमध्ये मी एकटीच उरते..."

इतकी वर्षं खिडकीशी उभं राहून आईने पोरीला आत जाताना तेवढं पाहिलं होतं. धावत बाहेर येताना ती आपल्याकडेच येते, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं!

"उद्यापासून तुमचा उजवा हात मी," डोळ्यांतलं पाणी न पुसताच ती म्हणाली. "उतार आपण पुन्हा करू, अठरा फुटांचा."

नणंद रडता रडता हसली. "अहो, तुम्हाला खिळा तरी सरळ ठोकता येतो का?"

"नाही येत," आई म्हणाली. "शिकवा मला."