नांगर टाकायची जागा

बोटीची बॅटरी रोज सकाळी मेलेली असायची. दिवसभर सोलरवर ती पूर्ण भरायची, शुभ्रा स्वतः मीटर लावून बघायची, आणि उजाडेपर्यंत तिच्यात मोबाईल चार्ज होईल एवढाही जीव उरत नसे. असे आठ दिवस झाले होते.

आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा म्हणून पक्कड, पाना आणि मीटर घेऊन ती चार वाजताच बोटीवर गेली. बरोबर कुंडलिकआबा होते. धरणाच्या या पाण्यात त्यांनी चाळीस वर्षं होडी वल्हवली होती. शुभ्रा शिडाच्या बोटी बांधायला नॉर्वेत शिकली आणि तिथली नोकरी सोडून गावी परतली ती एकाच हट्टानं : आपल्या काठावरचा एकही माणूस दवाखान्याच्या वाटेवर मरता कामा नये. घाटरस्ता खचलेला. भोरचा दवाखाना रस्त्यानं तीन तास, पाण्यानं पलीकडचा काठ पाऊण तास. संध्याकाळी वारा पडला की शीड लुळं होई आणि बॅटरीवरची मोटर हाच आधार राही. आबांची सून सुलक्षणा भरल्या दिवसांची होती. कळा केव्हाही सुरू होऊ शकत होत्या.

"माझ्या वल्ह्याची बॅटरी कदी उतरली न्हाई," आबा म्हणाले.

"तुमच्या वल्ह्याला पोचायला दोन तास लागतात, आबा."

"पर पोचतं."

शुभ्रा हसली आणि कामाला लागली. दिव्याचा फ्यूज काढला. पंपाचा काढला. मग रेडिओचा, मग मोटरचा. प्रत्येक वायर सोडवून, पुसून, नाकाशी धरून जळका वास येतोय का ते पाहिलं. मीटरवर शून्य. कुठंच गळती नाही. बॅटरीला फक्त एक जाड तांब्याची तार उरली होती. वीज कोसळलीच तर पाण्यात उतरावी म्हणून आठ दिवसांपूर्वी तिनंच ती डोलकाठीपासून, बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून, नांगराच्या साखळीपर्यंत नेली होती.

राजगडाच्या मागं सूर्य गेला. पाणी आधी तांबूस आणि मग एकदम शिशासारखं झालं. वारा पडला. काठावरच्या चिखलाचा वास इथवर आला.

मीटरवर अर्धा अँपिअर दिसला.

तिनं मीटरवर टिचकी मारली. आकडा एक झाला. थोड्या वेळानं दीड. दमट वायरीतली गळती अशी वाढत नाही. ती हेलकावते, थरथरते. हा आकडा पायरी पायरीनं चढत होता आणि प्रत्येक पायरी सारखीच... कुणीतरी एकामागून एक बटणं दाबत यावं तसा.

तिनं तारेला हात लावला. तार कोमट होती.

"आबा, नांगर रोज इथंच का टाकता तुम्ही?"

"काठाला गाळ हाय. हितं तळ धरतो." मग जरा थांबून ते म्हणाले, "आमचं जुनं गाव हाय खाली. आज्यानं सांगितल्याली जागा."

आकडा अकरावर थांबला. बावीस पायऱ्या तिनं मोजल्या होत्या.

"बावीस झालं का?" आबांनी हळूच विचारलं. मीटरकडं त्यांची पाठ होती.

शुभ्रानं वळून त्यांच्याकडं पाहिलं.

"तेवढीच घरं हुती. इज यायच्या आदीच गाव पान्यात गेलं, पोरी. मानसं वर आली... पर समदी न्हाई आली."

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. आबांची बायको रत्नाबाई. मागं सुलक्षणाचं कण्हणं ऐकू येत होतं. "बोट आना गं... पानी गेलंय तिचं..."

बॅटरी डोळ्यांदेखत उतरत होती. शुभ्रानं पक्कड उचलली. आबांनी तिचं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता.

"आत्ता नगं. दिवेलागण झालीया. घटकाभर थांब..."

"आबा, सून आहे तुमची."

त्यांनी हात सोडला आणि तोंड फिरवलं. खालच्या गावाचा उजेड जाणार हे कळूनही शुभ्रानं डोळे मिटून तार तोडली.

मीटर शून्यावर आला. क्षणभर काहीच नाही. मग खालून, पाण्याच्या पोटातून, आवाज आला. लाकडी दाराची कडी निघाल्यासारखा. मग दुसरा. मग एकेक करत पुष्कळ...

आबांनी नांगर ओढून घेतला. काठावर सुलक्षणाला चादरीत उचलून बोटीत निजवलं, आणि शुभ्रानं मोटर पूर्ण वेगानं सोडली. बोट संथ चालली होती, पाणी बोटीच्या कडेपर्यंत आलेलं, जणू तीन नव्हे तर तीस माणसं बसली आहेत. आबा पुढं बघत राहिले. त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही, आणि तिलाही बघू दिलं नाही.

पण बॅटरी पुरली. पलीकडे फोन करून भोरहून बोलावलेली अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. स्ट्रेचर आत सरकलं तेव्हा शुभ्राला रडू आलं. बाई वाचली होती. बोट पोचली होती.

ड्रायव्हर मागच्या दाराशी आला आणि आत बघून वैतागला.

"मॅडम, पेशंटबरोबर एकच नातेवाईक. बाकीच्यांना खाली उतरवा. आणि अंग पुसून तरी बसायचं, सगळी गाडी भिजवली."

शुभ्रानं आत पाहिलं. आत कुणीच नव्हतं. फक्त सुलक्षणा, पोटावर दोन्ही हात घट्ट धरून, स्ट्रेचरच्या एका कडेला अंग चोरून पडली होती, आणि पुटपुटत होती, "बसा... बसा की... आनखी सरकते मी..."