डाव्या बरगडीतलं कोपर

क्रेन चालवणाऱ्याला वजनाची अक्कल असते, असा माझा समज होता. उंच टॉवर क्रेनच्या केबिनमधून मी लोखंडी तुळया वर चढवतो. मोटारीच्या आवाजावरून बोजा जड झालाय का ते सांगतो. स्वतः मात्र एकशे अठरा किलोवर गेलो, शर्टाची गळ्याची गुंडी लागेना, तरी म्हणायचो, "खात्यापित्या घरचा आहे!" घोरण्याचंही तेच. शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि आई कौतुकाने म्हणायची, "काय गाढ झोपतो माझा मुलगा!" आम्ही सगळे त्या कौतुकावर विसंबून राहिलो.

गाढ कसली? झोपेत श्वास अडकायचा आणि डाव्या बरगडीत कोपर बसायचं. दोनदा, पटपट. मी मोठ्याने श्वास ओढायचो आणि पुन्हा झोपायचो. बायकोचं कोपर टोकदार आहे, त्याची तक्रार करायची कोणाकडे?

एका दुपारी जेवण करून वर चढलो. केबिनची काच तापली होती. हुकाला तुळई लटकत होती, खाली चार माणसं तिची वाट बघत उभी होती. माझा डोळा लागला.

बरगडीत दोन ढोसण्या बसल्या.

डोळे उघडले तेव्हा तुळई त्या चौघांच्या डोक्यावर उतरत होती. मी लिव्हर मागे खेचला. वॉकीटॉकीवर मुकादम ओरडत होता. तुळई थांबली, माणसं वाचली.

कोपराचा विचार नंतर आला. केबिनमध्ये एकच खुर्ची आहे. तिच्या डावीकडे काच, आणि काचेपलीकडे नुसती हवा.

मुकादमाने मला शिडीला हात लावू दिला नाही. "डॉक्टरचं पत्र आणा, मगच वर." मला क्रेनशिवाय दुसरं काही येत नाही. बायकोला घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "श्वास अडकला की जागं कोण करतं?"

"ही. डावीकडून कोपर मारते."

बायको चमकून माझ्याकडे वळली. "मी? अहो, तुम्ही घोरायला लागलात की मी बाहेर सोफ्यावर जाते. दोन वर्षं झाली. सकाळी उठवायला येते तेवढीच." मग हळूच म्हणाली, "आणि माझी जागा तुमच्या उजवीकडे. भिंतीला लागून."

"झोपेत भास होतात," बाई म्हणाल्या. मला ते पटवून घ्यायचंच होतं.

मग त्यांनी समजावलं. मानेभोवती चरबी साठली की झोपेत घसा मिटतो. झोप मोडली की शरीराला साखर आवरत नाही, भूक मात्र वाढते. वजन चढतं, घसा आणखी मिटतो. "बारीक माणसंही यातून सुटत नाहीत, पण तुम्ही तर आमंत्रणच दिलंत," असं म्हणून त्यांनी माझी वाढलेली साखर दाखवली.

झोपेची तपासणी झाली. मास्कमधून हवा ढकलणारं मशीन घरी आलं. "विमान कुठे उतरवणार?" बायकोने विचारलं. पण पहिल्याच सकाळी मी उठलो आणि डोकं हलकं होतं. कित्येक वर्षांत असा उठलो नव्हतो. पलंगावर बसून मी चक्क रडलो.

कोपर त्या दिवसापासून बंद झालं.

मग मी इरेला पेटलो. ताटातलं निम्मं केलं, रोज चालायला लागलो. वजन उतरलं, त्यामागून साखर. गुंडी लागली! बायको सोफा सोडून परत आली. डॉक्टरांचं पत्र मुकादमाच्या हातात ठेवलं आणि शिडी चढलो, मध्ये कुठेही न टेकता. वरून ओरडलो, "मुकादम, बोजा द्या!" खाली ते चौघं टाळ्या वाजवत होते. त्या क्षणी मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आठवड्याने, सकाळी, बायको जांभया देत चहा ओतत होती. आदल्या दिवशी जेवताजेवता तिचा डोळा लागला होता.

"बरे झालात ना आता?" ती वैतागून म्हणाली. "मग मला का ढोसता रात्रभर? मी थोडीच घोरते!"

तिने कुर्ता जरासा वर केला. काठीसारखी बारीक माझी बायको. बरगडीवर दोन निळे डाग.

मी फोन उचलला. "बाई, आजचीच वेळ द्या. माझ्यासाठी नाही."

डाग उजव्या बरगडीवर होते. भिंतीकडच्या.